रापण ओपॅकमध्ये सापडत नाही तेव्हा : विद्यार्थ्यांना संशोधनासाठी पुस्तकं शोधायला कसं शिकवावं

पदवीच्या वर्गाला प्रकल्पाचे विषय वाटून झाले की ग्रंथालयाच्या काउंटरवर एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येऊ लागतो. "सर, रापणीवर पुस्तक आहे का?" "मॅडम, खोतीवर काही मिळेल?" "आमच्या गावच्या जत्रेवर?" रापण म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून केलेली सामूहिक मासेमारी, खोती म्हणजे जमीन महसुलाची जुनी पद्धत. कोकणातल्या अशा विषयांवर त्याच नावाचं पुस्तक बहुधा नसतं. ओपॅकमध्ये, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकावरच्या सूचीत, शब्द टाकला आणि एकही नोंद आली नाही, की मुलं मोबाईल काढतात. ग्रंथालयाशी त्यांचा संबंध तिथेच संपतो. माहिती मात्र अनेकदा चार पावलांवरच्या कपाटात असते, भलत्याच नावाच्या पुस्तकात, मधल्याच एखाद्या प्रकरणात. त्या प्रकरणापर्यंत मुलांना पोचवणं हे आपलं काम आहे.

नव्याने रुजू झालेले ग्रंथपाल आणि तासिका तत्त्वावर शिकवणारे तरुण प्राध्यापक डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे. 'मुलांना जरा लायब्ररी दाखवा' ही जबाबदारी पहिल्यांदा अंगावर येते तेव्हा नेमकं काय करायचं, हे कुणी सांगत नाही. रापण हाच विषय उदाहरणाला घेऊ, म्हणजे प्रत्येक पायरी हातानं करून बघता येईल.

वर्ग घेण्याआधी

मुलांना रांगेत फिरवून 'हा संदर्भ विभाग, ही नियतकालिकं' असं दाखवण्यात तास घालवू नका. दुसऱ्या दिवशी त्यातलं काही आठवत नाही. मुलांच्या हातात स्वतःचा प्रश्न असेल तेव्हाच, म्हणजे प्रकल्पाचा विषय ठरल्यानंतर, त्यांना ग्रंथालयात आणा. त्याआधी त्यांच्या यादीतले दोन-तीन विषय घेऊन तुम्ही स्वतः पूर्ण शोध करून बघा. कोणता शब्द चालला, कोणता चालला नाही, कोणतं पुस्तक नोंदीत दिसतं पण कपाटात नाही, हे तुम्हाला आधी कळलेलं बरं.

वेळ सकाळची ठेवा. आपल्याकडे निम्मी मुलं गावातून एसटीने येतात आणि दुपारची गाडी चुकली तर पुढची कधी मिळेल याचा भरवसा नसतो. तीन वाजताच्या तासाला मुलं देहाने ग्रंथालयात आणि मनाने स्टँडवर असतात. गट लहान ठेवा, एका कपाटाभोवती उभे राहू शकतील एवढाच.

पहिली पायरी : विषयाचा प्रश्न करा

'रापण' हा विषय झाला. रापणीबद्दल काय जाणून घ्यायचंय, हे विद्यार्थ्याकडून काढून घ्या. मालवण किंवा देवगडकडचा मुलगा असेल तर त्याला रापण तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असेल : जाळ्याचा एक दोर किनाऱ्यावरच्या माणसांच्या हाती, होडी जाळं सोडत अर्धवर्तुळ घेऊन परत किनाऱ्याला येते, मग दोन्ही बाजूंनी माणसं ओढतात आणि मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. त्याला आधी हे सगळं बोलू द्या. त्याच्या बोलण्यातूनच प्रश्न निघतात. वाटे कसे ठरतात? जाळं कसलं, त्याची आस (भोकाचा आकार) किती? रापणी कमी का होत गेल्या? पर्ससीन नेटवाल्यांशी (मासळीचा थवा घेरून पिशवीसारखं आवळायचं मोठं जाळं वापरणाऱ्यांशी) वाद झाला तेव्हा कायदा काय म्हणत होता?

आता त्याला दाखवा की यातल्या प्रत्येक प्रश्नाचं कपाट वेगळं आहे. जाळ्याची रचना मत्स्यशास्त्रात, वाटे समाजशास्त्रात किंवा अर्थशास्त्रात, वाद कायद्यात, जुनी वर्णनं इतिहासात. प्रश्न ठरला नाही तर कुठल्या कपाटापुढे उभं राहायचं हेही ठरत नाही. ही पायरी घाईने उरकलीत तर पुढच्या सगळ्या लंगड्या होतात. प्रश्न वहीत एका वाक्यात लिहून घेतल्याशिवाय कुणालाही संगणकापुढे बसू देऊ नका.

दुसरी पायरी : शब्दांची यादी

माझ्या मते सगळ्या शोधाचा जीव इथे आहे. मुलं स्वतःच्या तोंडातला शब्द टाकतात. पुस्तकाला नाव देणाऱ्याच्या आणि त्याची नोंद करणाऱ्याच्या तोंडात दुसरा शब्द असतो. म्हणून संगणकाला हात लावण्याआधी कागदावर शब्दांची यादी करायची.

विषयाचे शब्द आधी घ्या : रापण, मासेमारी, मच्छीमारी, मत्स्यव्यवसाय, मत्स्योद्योग, सागरी मासेमारी. मग माणसांचे : मच्छीमार, कोळी, गाबीत, खारवी, दालदी. यातले ऱ्हस्व-दीर्घही सोडू नका. 'मच्छीमार' आणि 'मच्छिमार' अशी दोन्ही लेखनं छापील पुस्तकांत आहेत आणि संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. काही ठिकाणी मराठी पुस्तकं देवनागरीत नोंदवलेली असतात, काही ठिकाणी रोमन लिपीत. म्हणून प्रत्येक शब्द दोन्ही लिप्यांत टाकून बघायला सांगा. इंग्रजी पर्याय तर हवाच, कारण महाविद्यालयातली शास्त्राची पुस्तकं बहुतेक इंग्रजीतच आहेत. 'फिशरीज' टाकल्यावर जे निघतं ते 'रापण' टाकून कधीच निघणार नाही.

त्यानंतर जागेचे शब्द. कोकणावर काम करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे पाठच असायला हवं. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला झाला. त्याआधीच्या पुस्तकात मालवण, देवगड, वेंगुर्ला शोधायचं तर 'रत्नागिरी' खाली शोधावं लागतं. सावंतवाडी आणि कुडाळ हा भाग तर स्वातंत्र्यापर्यंत सावंतवाडी संस्थानात होता, म्हणून त्याची जुनी माहिती रत्नागिरीतही नसते, संस्थानाच्या नोंदीत असते. रायगड जिल्ह्याचं नाव १९८१ पर्यंत कुलाबा होतं. पण नुसतं 'कुलाबा' टाकलं की मुंबईचा कुलाबा आणि अलिबागचा किल्लाही समोर येतो, तेव्हा सोबत अलिबाग, पेण, महाड असा एखादा शब्द जोडायला शिकवा. मुरूड आणि श्रीवर्धन जंजिरा संस्थानात. पालघर २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात. जुन्या इंग्रजी कागदांत विजयदुर्ग 'घेरिया' या नावाने येतो आणि बाणकोटचा किल्ला 'फोर्ट व्हिक्टोरिया' म्हणून.

एक गोष्ट मुलांना हमखास सुचत नाही. कोकणाची बरीच हकिकत मुंबईच्या पुस्तकांत आहे. गिरण्यांतला मोठा कामगारवर्ग रत्नागिरी जिल्ह्यातून गेलेला. चाकरमान्यांवर, मनीऑर्डरवर चालणाऱ्या घरांवर, गावात मागे राहिलेल्या बायकांवर काम करणाऱ्या मुलीने गिरणी कामगारांवरची पुस्तकं उघडलीच पाहिजेत. नावात कोकण नसलं तरी आत कोकण असतं.

तिसरी पायरी : नंबर वाचायला शिकवा

बहुतेक महाविद्यालयांत ड्यूई दशांश पद्धत आहे. मेल्विल ड्यूई यांनी ती १८७६ मध्ये प्रथम छापली. पुस्तकाच्या पाठीवर चिकटवलेला कॉल नंबर म्हणजे त्याचा पत्ता. वर विषयाचा आकडा, खाली बहुतेक ठिकाणी लेखकाच्या आडनावाची पहिली अक्षरं. पुस्तकाच्या आत शिक्क्यात लिहिलेला दाखल क्रमांक वेगळा, तो शोधायच्या कामाचा नाही. पहिल्या वर्षाची मुलं हे दोन आकडे सर्रास एक समजतात.

रापणीच्या मुलाला लागणारे आकडे फळ्यावर लिहा : मासेमारी ६३९.२, मत्स्यसंवर्धन ६३९.३, मासेमारीचं अर्थशास्त्र ३३८.३७२७, लोकसाहित्य ३९८, महाराष्ट्राचा इतिहास ९५४.७९२, मराठी साहित्य ८९१.४६. आंब्यावर काम करणारं कुणी असेल तर ६३४.४४, नारळाला ६३४.६१. एकाच माशासाठी पाच कपाटं, हे बघितल्यावर पहिल्या पायरीचा अर्थ मुलांना आपोआप उमगतो.

दशांश चिन्हाच्या पुढचे आकडे कसे लावतात हे करून घ्या. ३३८.३७२७ आणि ३३८.४ यांत आधी कोणतं, असं विचारलं तर बहुतेक जण ३३८.४ म्हणतील, कारण ३७२७ हा आकडा मोठा दिसतो. दशांशात ३ हा ४ च्या आधी, म्हणून ३३८.३७२७ आधी येतं. चार-पाच पुस्तकं टेबलावर उलटसुलट ठेवून लावायला द्या. पाच मिनिटांचं काम आहे, पण ज्याला हे जमलं त्याला पुढे शिपायाला विचारत फिरावं लागत नाही.

चौथी पायरी : कपाटापाशी

हवं ते पुस्तक मिळालं की त्याच्या डावी-उजवीकडची पुस्तकंही काढून बघायला सांगा. एका विषयाची पुस्तकं शेजारी असतात, याचा फायदा संगणकावर मिळत नाही. तुमच्या ग्रंथालयात कपाटं कुलुपात असतील तर प्रकल्पाच्या मुलांपुरती ती उघडायची परवानगी प्राचार्यांकडून घ्या. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला पहिलाच नियम 'पुस्तकं वापरासाठी आहेत' असा आहे. प्राचार्यांना पटवायला तेवढा पुरे.

बघून झालेली पुस्तकं मुलांनी परत कपाटात घालायची नाहीत, टेबलावर ठेवायची. चुकीच्या जागी गेलेलं पुस्तक हरवल्यासारखंच असतं.

आपल्या हवेचंही सांगायला हवं. जून ते सप्टेंबर पुस्तकं ओल धरतात, पानं एकमेकांना चिकटतात, बुरशी येते. चिकटलेली पानं ओढू नयेत, ग्रंथपालाकडे द्यावीत. ओल्या छत्र्या आणि रेनकोट दाराबाहेर. कसर किंवा वाळवी दिसली तर पुस्तक गुपचूप परत ठेवू नये, लगेच दाखवावं, कारण ती शेजारच्या पुस्तकांत जाते. पूर येणाऱ्या गावांत यादीत दिसणारं पुस्तक प्रत्यक्षात शिल्लक नसण्याची शक्यता धरून चालायचं. जुलै २००५ आणि जुलै २०२१ च्या पुरांनी चिपळूणमध्ये किती ग्रंथसंपदा नेली हे तिथल्या वाचकांना विचारा.

पाचवी पायरी : पुस्तक उघडायचं कसं

'पूर्ण वाचा' असं सांगितलं तर मुलं काहीच वाचत नाहीत. संशोधनासाठी आधी पुस्तक चाळायचं असतं आणि चाळण्यालाही रीत आहे. शीर्षकपानामागचं पान बघा : पहिली आवृत्ती कधीची, हे पुनर्मुद्रण तर नाही ना? मग अनुक्रमणिका, प्रस्तावना, शेवटची सूची, संदर्भग्रंथांची यादी. सूचीत आपल्या यादीतले सगळे शब्द एकेक करून शोधायचे. मराठी पुस्तकांना सूची नसतेच, असा अनुभव वारंवार येईल. मग अनुक्रमणिकेवरून प्रकरण हेरायचं आणि प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य वाचत जायचं.

संदर्भग्रंथांच्या यादीवर थांबा. एका चांगल्या पुस्तकाची यादी म्हणजे दहा पुस्तकांचा पत्ता. विद्यार्थ्याने त्यातून किमान दोन नावं काढून पुन्हा ओपॅकवर जायचं, हा नियमच करा.

वर्ष बघायला का सांगायचं, तेही रापणीवरूनच समजावता येतं. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. पर्ससीन जाळ्यांवर राज्याने ५ फेब्रुवारी २०१६ ला आदेश काढून निर्बंध आणले आणि २०२१ मध्ये कायद्यातही सुधारणा झाली. २०१० मध्ये छापलेलं पुस्तक कितीही चांगलं असो, त्यात हे असणार नाही. जाळ्याच्या वर्णनासाठी ते घ्यावं, कायद्यासाठी नवं शोधावं.

गॅझेटियर : कोकणच्या विद्यार्थ्याचं पहिलं पुस्तक

गॅझेटियर म्हणजे जिल्ह्याची सविस्तर माहिती देणारा सरकारी ग्रंथ. जेम्स कॅम्बेल यांच्या देखरेखीखाली झालेल्या 'बॉम्बे प्रेसिडेन्सी गॅझेटियर'चा दहावा खंड रत्नागिरी आणि सावंतवाडीचा, १८८० चा. अकरावा कुलाबा आणि जंजिऱ्याचा, १८८३ चा. ठाण्याचा तेरावा, १८८२ चा. स्वातंत्र्यानंतर राज्य सरकारने जिल्ह्यांची नवी गॅझेटियरं काढली, रत्नागिरीचं १९६२ मध्ये, कुलाब्याचं १९६४ मध्ये. जुने खंड कॉपीराइटच्या बाहेर असल्याने इंटरनेटवरही मोफत मिळतात.

हे खंड बघून मुलं घाबरतात. त्यांची घडण एकदा समजली की भीती जाते. प्रत्येक खंडात प्रकरणांचा क्रम साधारण सारखा आहे : भूवर्णन, उत्पादन, लोक, शेती, भांडवल, व्यापार, इतिहास, जमीन महसूल, न्याय, शिक्षण, आरोग्य, तालुके आणि शेवटी ठळक स्थळं. रापणीच्या मुलाने 'उत्पादन' प्रकरणात मासे आणि मासेमारी बघावी, 'लोक' प्रकरणात मासेमार जाती. खोतीवाल्याने थेट जमीन महसुलावर जावं. गावाच्या इतिहासासाठी शेवटचं स्थळांचं प्रकरण. सावंतवाडीकडच्या मुलाने खंडाचा दुसरा भाग उघडावा, कारण संस्थानाचं वर्णन तिथे स्वतंत्र आहे.

गॅझेटियर वापरताना एक इशारा मात्र ठासून द्या. ते सरकारी कारभारासाठी, परक्या सत्तेच्या अधिकाऱ्यांनी लिहवून घेतलेलं आहे. जातींविषयीची त्यातली विधानं काही ठिकाणी पूर्वग्रहाची, दुखावणारी आहेत. 'रत्नागिरीचे लोक असे होते' असं विद्यार्थ्याने लिहायचं नाही. '१८८० च्या गॅझेटियरने असं वर्णन केलं आहे' असं लिहायचं आणि हे कुणी, कुणासाठी लिहिलं हा प्रश्न विचारायचा. हा फरक ज्याला समजला त्याला संशोधन समजायला लागलं.

गॅझेटियरच्या जोडीला जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका ठेवा. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे हजाराहून जास्त स्त्रिया का दिसतात, या एका आकड्यावरून स्थलांतरावरचा उत्तम प्रकल्प उभा राहतो.

महाविद्यालयाच्या बाहेर

कोकणातली सार्वजनिक ग्रंथालयं जुनी आहेत आणि आपल्या मुलांना ती ठाऊक नसतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ चं, सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर १८५२ चं, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं. स्थानिक लेखकांची पुस्तकं, स्मरणिका, जुने दिवाळी अंक अशा ठिकाणीच जपले जातात. शेती आणि फळबागांसाठी दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ, माशांसाठी रत्नागिरीजवळ शिरगावचं मत्स्य महाविद्यालय. जाण्याआधी फोन करावा, सुट्टीचा वार विचारावा, प्राचार्यांचं शिफारसपत्र आणि ओळखपत्र बरोबर न्यावं. 'मासेमारीवर काय आहे?' असं विचारण्यापेक्षा वहीतला प्रश्न आणि शब्दांची यादी ग्रंथपालापुढे ठेवली तर मदत वेगळीच मिळते.

घरबसल्या मिळण्यासारखंही पुष्कळ आहे. सुरुवातीची ओळख करून घ्यायला मराठी विश्वकोश. प्रबंधांसाठी 'शोधगंगा' : तिथे एकेक प्रकरण वेगळं उतरवता येतं आणि शेवटची संदर्भसूची आयती मिळते. महाविद्यालय 'एन-लिस्ट'चं (महाविद्यालयांसाठीची ई-पुस्तकं आणि ई-नियतकालिकांची सेवा) सभासद असेल तर प्रत्येक विद्यार्थ्याला लॉगिन काढून द्या. पैसे भरलेले असतात आणि वापर कुणीच करत नाही, हे चित्र बदलायला हवं.

आणि चॅटबॉट. मुलं त्याला विचारतातच, बंदी घालून उपयोग नाही. त्याने दिलेल्या पुस्तकांच्या यादीतलं एकेक नाव ओपॅकवर किंवा मोठ्या ग्रंथालयाच्या सूचीत शोधून दाखवायला सांगा. काही नावं अस्तित्वातच नसतात, लेखक खरा आणि पुस्तक खोटं असंही होतं. शब्दांची यादी वाढवायला त्याचा उपयोग करावा. संदर्भ मात्र हातात पुस्तक किंवा त्याचं स्कॅन आल्याशिवाय लिहायचा नाही.

टिपणं आणि संदर्भ

टिपण काढताना आधी पुस्तकाचा पत्ता लिहायचा : लेखक, नाव, प्रकाशक, स्थळ, वर्ष. मग पान क्रमांक. मग मजकूर. क्रम उलटा झाला की पान क्रमांक राहतो आणि मार्चमध्ये, प्रकल्प द्यायच्या आदल्या दिवशी, तेच पुस्तक शोधत धावाधाव होते. जसंच्या तसं उतरवलेलं वाक्य अवतरणचिन्हात, स्वतःच्या शब्दांतलं बाहेर, स्वतःचा विचार समासात. मोबाईलवर फोटो काढायला परवानगी असेल तर पहिला फोटो शीर्षकपानाचा, मग आतल्या पानांचा, पान क्रमांक दिसेल असा. जुनी, बांधणी सुटलेली पुस्तकं झेरॉक्सवर उलटी दाबायची नाहीत.

संदर्भ लिहिण्याची पद्धत विभागाने एकच ठरवून द्यावी. कोणती, याला फार महत्त्व नाही. 'गुगल' हा संदर्भ नव्हे, एवढं पहिल्याच दिवशी सांगून टाका. आजोबांकडून ऐकलेली वाट्यांची पद्धत मात्र संदर्भच आहे. मुलाखत म्हणून नाव, गाव, तारीख नोंदवून आणि त्यांची परवानगी घेऊन ती लिहावी.

शेवटचं काम : प्रकल्प ग्रंथालयात

तपासून झालेले चांगले प्रकल्प विभागाच्या कपाटात धूळ खात पडतात. त्यांची एक प्रत ग्रंथालयात दाखल करून घ्या आणि ओपॅकमध्ये नोंद करताना विषयाच्या रकान्यात विद्यार्थ्याने केलेली शब्दांची यादीच घाला : रापण, गाबीत, मच्छीमार, मच्छिमार, वाटे, मालवण, देवगड, आणि गावाचं नाव. पुढच्या वर्षी कुणी 'रापण' टाकलं की निदान एक नोंद येईल, आणि तिच्या शेवटी पुस्तकांची, पानांची यादी असेल. नोंद करायचं काम त्याच विद्यार्थ्याला शेजारी बसवून करा. कुठला शब्द कुणी शोधेल, हे आता त्याला तुमच्याइतकंच कळतं.